सुतकातला गेम

शेजारची सून परवा विचारत होती, "काकी, पोराला जुना बंदूकवाला गेम आणलाय, टीव्हीला जोडायचा. लहान मुलांना चालतो ना? रक्तबिक्त काही दिसत नाही हो त्यात." म्हटलं, बस जरा, सांगते.

माझा मुलगा उलव्याला बिल्डिंगच्या कामावर सुपरवायझर होता. वरच्या माळ्यावरून पडला, जागीच गेला. नात तेव्हा पहिलीत. आमच्यात सुतकात टीव्ही लावत नाहीत, वर चादर टाकतात. पण पोर सारखी दारात जाऊन बसायची. शेवटी तिच्या आईनेच चादर अर्धी वर केली नि गेम लावून दिला. बापानेच आणलेला तो, पनवेलच्या बाजारातून.

माझी जाऊ पाणी भरता भरता ओरडली, "अगो, सुतक हाय ना? टीवी कशाला लावलाय?"

"टीवी नाय, गेम हाय," मी म्हटलं. "आवाज बंद केलाय."

"मंग असूं दे. गाणी नको लागायला, लोकं तोंडात शेण घालतील."

झालं. गाणी वाजत नाहीत एवढं सगळ्यांनी बघितलं. पडद्यावर काय चाललंय ते कुणी बघितलं नाही. रक्त दिसलं असतं ना, तर तेव्हाच बंद केला असता. एक उघडाबंब शिपाई बंदूक घेऊन पळायचा. गोळी लागली, खड्ड्यात पडला, की मरायचा. आणि लगेच पडद्याच्या वरच्या टोकातून लुकलुकत खाली यायचा. असे तीन जीव मिळतात म्हणे.

दहाव्याला पुरुषमाणसं नदीवर पिंडाला गेली आणि पोर घरात दिसेना. गच्चीवर गेले, तर भर उन्हात तिने बापाची गादी ओढत आणून अंथरलेली. त्यावर उशा, माझी गोधडी. आपण कडेला बसून वर बघतेय.

"काय करतेस गं इथे?"

"आजी, सरक ना! पप्पा वरून येतील. लागायला नको त्यांना."

पप्पा देवाघरी गेले, असं आम्हीच तर सांगितलेलं तिला. देवाचं घर म्हणजे वरच की!

मांडीवर घेतलं तिला. म्हटलं, "बाळा, माणसाला एकच जीव असतो. पप्पा आता नाही यायचे."

रडली नाही. म्हणाली, "मग त्यांचे दोन कुणी घेतले?"

दोघींनी मिळून गादी उचलली. उन्हाने नुसती भाजत होती.

तेरावं झालं, टीव्हीवरची चादर निघाली. गेम तिने सोडला नाही. शाळेतून आली की लावायची. फक्त शिपाई एकदा मेला, की तो वरून यायच्या आत उठून बटण बंद करायची, आणि कपाटातून तीच चादर काढून टीव्हीवर टाकायची.