बाभळीजवळची फेक
नातीनं काल बेसबॉलच्या हातमोज्याला खोबरेल चोळलं आणि त्या तेलकट चामड्याच्या वासासरशी मी थेट मंठ्याच्या मैदानावर पोचले. तेव्हा मी आठवीत होते. काडीसारखे पाय आणि ऐट मात्र पाटलिणीची. चेंडू टाकीन तर मीच, असा माझा हट्ट, आणि सरांनी मला उभं केलं पार मागं, बाभळीजवळ. "सर, इथं चेंडू येतच न्हाई!" "येईल. तंवर गप उभी ऱ्हाय." सामनाभर मी बाभळीवर राग काढला. शेवटी आम्ही एका रननं पुढं होतो आणि जिंकायला एकच आउट हवा होता, तेवढ्यात चेंडू उड्या मारत माझ्याच पायाशी आला. त्यांची पोरगी बरोबरीच्या रनसाठी होम प्लेटकडं सुसाट निघालेली. शिकवलेलं सगळं मी विसरले. ज्वारीवरची पाखरं हाणताना फिरतो तसा हात फिरला आणि सवयीनं तोंडातून "हुऽर्र्यो!" निघालं. चेंडू थेट होम प्लेटवरच्या आमच्या संघातल्या पोरीच्या हातात, धावणारी आउट! सर ओरडले, "पडलं गं पाखरू!" जीपमधून गावात शिरताना मी हातमोजा घालून राणीसारखा हात हलवत होते, बघायला एक म्हैस तेवढी होती. आता नातीलाही मागं उभं केलंय म्हणून तिचा बाप तिच्या सरांशी भांडायला निघाल्ता. मी त्याला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे तिला तिथंच. लांबून फेकता आलं की जवळून आपोआप येतंय." मंग नातीला मागच्या अंगणात नेलं आणि आधी हुर्र्यो शिकवलं.