बिनपाठीचं स्टूल
ज्याने कुणी ते स्टूल बनवलं, त्याला महिनाभर त्यावर बसवायला हवं होतं. ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. डॉक्टरांच्या केबिनमध्ये गादीची फिरती खुर्ची होती. मला मायक्रोस्कोपसमोर लोखंडी स्टूल, ना पाठ ना हात. स्टूल उंच, टेबल बुटकं, म्हणजे दिवसभर वाकूनच डोळा लावायचा. मी सारखी चुळबुळ करायची, एक पाय वर, मग दुसरा. दुपारपर्यंत कमरेत अशी कळ भरायची की सगळ्यांचीच चीड यायची. खुर्ची दोनदा मागितली. या वयात कसली कंबर दुखते, असं म्हणून डॉक्टर आपल्या खुर्चीत मागे रेलले.

मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह लिहायच्या आधी काच जराजरा सरकवत शंभर जागा बघायच्या, हा नियम. पावसाळ्यात स्लाइडींचा ढीग पडायचा. एका दुपारी साठ जागा झाल्या आणि मला बसवेना. उठले, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. परत त्या स्टुलावर चढायचं जिवावर आलं. एवढ्यात दिसलं नाही ते पुढे काय दिसणार, म्हणत निगेटिव्ह लिहून टाकलं. नाव वाचलं होतं. आमच्याच चाळीतल्या शेजारच्या वहिनी होत्या.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना आईने सांगितलं, वहिनींना पुन्हा थंडी वाजून आली. सकाळी लॅब उघडताच तीच काच काढली. त्र्याऐंशीव्या जागी जंतू होता. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते मला खूप बोलले, मग रिपोर्ट बदलला, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घेऊन मीच गेले.

कंबर दुखत होती म्हणून उठले, हे मी वाटभर घोकत होते. खोटं थोडंच होतं ते? वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रिपोर्ट चुकला, माझ्याकडून चुकला, एवढं म्हणाले आणि त्या रागावायची वाट बघत उभी राहिले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रिपोर्टात काही नाही म्हटल्यावर घरात सगळे म्हणाले, कामाचा कंटाळा आलाय हिला," त्या हळूच म्हणाल्या. "काल तापातच पाणी भरलं गं मी. मलाही वाटायला लागलं, खरंच ढोंग करतेय की काय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं दुखणं कुणी खरं मानत नाही म्हणून मी वर्षभर धुसफुसत होते, आणि या बाईचा ताप मी तिलाच खोटा वाटायला लावला होता. गोळ्या उशाशी ठेवल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. कमरेचं काही बोलले नाही. वहिनींना ते आजही माहीत नाही.