खाट मिळेपर्यंत

बोर्ली पंचतनच्या मुश्ताकने उमेदीची सगळी वर्षं कुवेतमधल्या एका कंपनीच्या भटारखान्यात काढली. लग्नाची मेंदी उतरायच्या आत तो विमानात बसला. मुलगी आतिफा जन्मली तेव्हा तो तिकडे, आईचा जनाजा उठला तेव्हाही तिकडेच. इकडचं सगळं बायकोने, सफुराने, एकटीने निभावलं. निसर्ग चक्रीवादळात घराचे पत्रे उडाले, तेव्हा फोनवर ती म्हणाली, "छपराचं मी बघते. पण आता तुम्ही या."

तो आला, तो कायमचाच. येऊन पाहतो तर सफुराला जिना चढवत नव्हता. काळीज अशक्त झालं होतं, गोळ्या कधीच्याच सुरू होत्या, आणि त्याला तिने अवाक्षर कळू दिलं नव्हतं. मग स्वयंपाक मुश्ताकने हातात घेतला. शेकडो माणसांचं रांधायची सवय, दोघांपुरता अंदाज काही येईना. कालवण कधी खारट, कधी अळणी. सफुरा मुकाट्याने जेवायची आणि उरलेलं शेजारी वाटायची.

गेल्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले, तसं मुश्ताकने तिला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तापाची साथ. एकेक खाट भरलेली. तपासून, नाकाला नळी लावून तिला तातडीच्या विभागाबाहेरच्या बोळात स्ट्रेचरवर बसतं केलं. उपचार सुरू झाले, पण खाट कधी मिळेल ते कोणालाच सांगता येईना.

संध्याकाळी अनुया सिस्टर आली. "चाचा, वर बायकांच्या वॉर्डाबाहेर व्हरांड्यात एक जागा झालीय. तिथे शांत आहे, वारा आहे. खाट मिळेपर्यंत यांना तिथे ठेवू का? फक्त तिथे सोबतीला बाई असली तर बरं. पुरुषांना भेटीच्या वेळेलाच वर सोडतात."

बाई कुठून आणायची? आतिफा सासरी पनवेलला, नववा महिना लागलेला. तरी मुश्ताक म्हणाला, "न्या. मी खाली बसतो."

"मी न्हाय जात," सफुरा म्हणाली.

"इथे किती गलका हाय बघ. वर जरा झोप तरी लागेल."

"एकटीने झोपून झालंय माझं. लय वर्षं झोपले." तिला धाप लागली. ती थांबली, मग सिस्टरकडे वळली. "मला विचारलंत ना? मग मी इथेच थांबते. यांच्यापाशी."

मुश्ताकने पुन्हा समजावलं, थोडं रागावूनही पाहिलं. ती ऐकेना. शेवटी सिस्टरने त्याला एक स्टूल आणून दिलं.

बोळात क्षणाची उसंत नव्हती. अपघातातली माणसं यायची, चाकांचे धक्के लागायचे. दिवा थेट डोळ्यांवर यायचा, तेव्हा मुश्ताक आपला रुमाल तिच्या कपाळावर ओढून द्यायचा. आणि त्या गलक्यात दोघं बोलत राहिली. कुवेतला पहिले दिवस कसे गेले, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. कोठारात कांद्याच्या गोणींआड बसून रडायचो, असं त्याने सांगितलं.

"कांद्यांमुळे?"

"लोकांना तसंच सांगायचो."

ती हसली, हसताना खोकली. "मला वाटायचं, तुम्ही तिकडे मजेत."

मग तिने तिचं सांगितलं. आतिफा लहानपणी त्याच्या फोटोला सलाम करून शाळेत जायची. फोनवर त्याचा आवाज बसलेला वाटला, की सफुराला दिवसभर जेवण जायचं नाही. असं कितीतरी. इतकी वर्षं संसार केला, पण एवढं बोलणं दोघांत कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर खाट रिकामी झाली. डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवायला नको. मुश्ताकला हायसं वाटलं. सफुराने या वेळी हट्ट केला नाही. त्याचा हात सोडताना म्हणाली, "भेटीच्या वेळेला या. आणि काहीतरी खाऊन घ्या."

भेटीच्या वेळेला तो चहा-पाव खाऊन परतला, तर जिन्यापाशी अनुया सिस्टर त्यालाच शोधत होती. दुपारी सफुराचा श्वास अचानक थांबला होता. डॉक्टरांनी पराकाष्ठा केली, पण उपयोग झाला नाही.

"आधीच वर नेलं असतं तर?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"औषधं तीच दिली असती, चाचा. पण खात्रीने कसं सांगू?"

चाळिसावा झाला. आतिफा तान्ह्या लेकीला घेऊन बोर्लीला आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अब्बा, वर चांगली जागा मिळत होती म्हणे. अम्मीला समजवायचं होतं ना."

"समजावलं, बेटी. तिला काय बरं, ते मी जन्मभर कुवेतमधून ठरवत आलो. त्या दिवशी तिने ठरवलं."

आतिफा रडू लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "शेवटी काय काय बोलली?"

मुश्ताक फोटोच्या सलामाचं सांगायला लागला, पण दोन वाक्यांपुढे त्याला जाता येईना. आतिफाने लेक त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती त्याच्याशेजारी बसून राहिली.