दीनाताईंच्या दोन डब्या

खाडीला भरतीबरोबर गाळ येतो. तो कुणी आणून टाकत नाही, आणि भरती असेपर्यंत दिसतही नाही. ओहोटी लागली की कळतं केवढा साठलाय ते. किश्श्यांचंही तसंच. नवीन पनवेलच्या बागेत आम्ही तिघी एका बाकावर बसतो, बोलतो, उठून घरी जातो. आणि एक दिवस बघावं तर बाकाखाली गुडघाभर किस्से! त्यातले निम्मे तर गोळ्यांचेच.

तिघी म्हणजे एक मी, चांगुणा, खाडीकाठच्या ओवे गावची. मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून आले. दुसऱ्या सुमतीताई, पुण्याच्या, अंड्याचा केकसुद्धा लांबून बघणाऱ्या. आणि तिसऱ्या दीनाताई. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. नंबर सांगायचा नाही, नुसतं नाव सांगायचं, की बाई जोडून द्यायच्या, अशी त्यांची ख्याती. नवरा गेला, मुलगा डॅनी इस्रायलला. बाई एकटी राहते, ताठ राहते.

हे किस्से तसे त्यांचेच. आम्ही दोघी मीठमसाल्यापुरत्या.

•

पहिला किस्सा खरं तर हसण्यासारखा नव्हता.

दीनाताई बाजारातून आल्या. दाराला चावी लागेना. बाई काय पायरीवर बसून रडणारी नव्हे. तशाच खाली उतरल्या, कोपऱ्यावरचा चावीवाला घेऊन आल्या. त्याने कुलूप उघडलं. दीनाताई आत गेल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यालाच म्हणाल्या, "माझ्या घरात गणपती कुणी आणून बसवला?"

बिल्डिंग शेजारची होती. रंग तोच, मजला तोच, दारही त्याच बाजूचं. घरमालक चांगला माणूस निघाला, त्याने चहा पाजला. पण सोसायटीच्या चेअरमनने डॅनीला फोन लावला. त्याला आधीच संशय होता. आई हल्ली नावं विसरते, गॅस चालू ठेवते, तेच तेच पुन्हा विचारते. तो म्हणाला, "आई, आता पुरे. दिवाळीनंतर मी येतो आणि तुला घेऊनच जातो."

त्या दिवशी दीनाताई बाकावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "चांगुणे, मी इथे विसरले तर तुम्ही दोघी सांगाल मी कोण ते. तिथे कोण सांगणार?"

मी म्हटलं, "आमी हाव ना. बघू कसा नेतो तो."



•

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी दीनाताईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, पण ऐकून घेणारी. दीनाताईंनी जाता जाता सांगितलं की पायाला मुंग्या येतात, चालताना गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईने लगेच लिहिणं थांबवलं आणि रक्त तपासायला पाठवलं. लोह कमी निघालं, डी व्हिटॅमिन कमी निघालं, आणि बी ट्वेल्व्ह तर पार तळाला.

"काय खाता?" तिने विचारलं.

दीनाताई म्हणाल्या, "आमच्या रीतीने कापलेलं मटण हे ठाण्याहून आणायचे. ते गेल्यापासून कोण आणणार? पिठलं-भात." वर अ‍ॅसिडिटीची गोळी, कितीतरी वर्षं रोज, कुणी बंद कर म्हणालं नाही म्हणून चालूच.

डॉक्टरीणबाई म्हणाली, दोन्हीनेही बी ट्वेल्व्ह कमी होतं. मग समजावलं, "आपल्या नसांवर एक वेष्टण असतं, वायरीवर असतं तसं. ते या व्हिटॅमिनवर टिकतं. ते झिजलं की निरोप नीट पोचत नाहीत."

दीनाताई म्हणाल्या, "म्हणजे क्रॉस कनेक्शन."

"अगदी बरोबर."

"मग मला एकच सांग. नुसती वायर उघडी पडलीय, की एक्स्चेंजच जळालंय?"

डॉक्टरीणबाईने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "ते आज सांगता येणार नाही. सगळं विसरणं याच्यामुळे नसतं. आधी इंजेक्शनं देऊ, मग गोळ्या. पावसाळ्यानंतर बघू."

बाहेर आल्यावर दीनाताई म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. लाइन दुरुस्त होईल असं म्हणाली नाही, तक्रार नोंदवली म्हणाली."

•

मी म्हटलं, औषध डॉक्टरणीचं, पण ताकद आमच्या खाडीची. सुनेला लावलं कामाला. कालवं, शिंपल्यातल्या शिवल्या, चिंबोऱ्या म्हणजे तुमचे खेकडे, असा रस्सा की वासाने जिना उतरणारा माणूस पुन्हा वर चढावा. डबा घेऊन दीनाताईंकडे गेले. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाली होती की कालवा-शिवल्यांत बी ट्वेल्व्ह भरपूर, जस्तही असतं.

दीनाताईंनी झाकण उघडलं, वास घेतला, डोळे मिटले. मग झाकण लावलं.

"चांगुणे, आम्हाला खवलं आणि पर असलेलीच मासळी चालते ग. हे काहीच चालत नाही."

"चिंबोरी पन नाय?"

"नाही."

"कोलंबी?"

"नाही."

मी डबा उचलला. "दीनाताय, देव तुमचा, मी काय बोलनार? पन तो कदी खाडीवर आलेला दिसत नाय."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी जिताडा नेला. खवलं चांगली नखाएवढी. मुद्दाम न काढता नेला, बघून घ्या म्हटलं. आमच्या कोळणीने मला विचारलं, "मावशे, आज खवल्यासकट?" मी म्हटलं, "हो, आज सर्टिफिकेट लागतंय."

•

इंजेक्शनं संपली, गोळ्या सुरू झाल्या. औषधाचं दुकान शकीलभाईंचं. आम्ही तिघी काउंटरवर. शकीलभाईंनी एक तेलाची पारदर्शक कॅप्सूल पुढे केली.

सुमतीताईंनी चष्मा वर केला. "हिचं कवच कशाचं आहे हो?"

"जिलेटिन, ताई."

"म्हणजे?"

"जनावराच्या हाडाकातड्याचं असतं."

सुमतीताई दोन पावलं मागे. दीनाताई एक पाऊल पुढे. "कुठल्या जनावराचं?"

शकीलभाई दीनाताईंना खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. त्यांनी खांदे उडवले. "खाला, तोच तर सवाल आहे. मी पण घरच्यांना ही देत नाही. कंपनी सांगेल तेव्हा खरं. तुमच्यासाठी साधी गोळी काढतो, जिभेखाली विरघळणारी. झंझटच नाही." मग ड्रॉवर बंद करता करता म्हणाले, "बघा, ताई, खाला आणि मी, तिघांचे रस्ते वेगळे, पण परहेज एकाच कॅप्सूलचं."

सगळे खूश. तेवढ्यात मी म्हटलं, "मना चालतंय सगलं. मना कोन इचारनार हाय का नाय?"

शकीलभाई म्हणाले, "मावशी, तुम्ही चिंबोरी खा."

•

आता त्या दोन डब्यांची गोष्ट. माझ्या मते सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

आम्हा तिघींनाही लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू होतं. डॉक्टरीणबाईने बजावलं होतं, दोन्ही एकदम घ्यायचं नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे, नाहीतर कॅल्शियम लोहाला अंगात नीट शिरू देत नाही. लोह घ्या तर लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नको.

मी विसरायचे. सुमतीताई तर शिकलेल्या, पण त्या दोन्ही एका घोटात, वर चहा. म्हणायच्या, "शेवटी पोटात एकच होतंय ना?" आणि दीनाताई, ज्या आमच्यात विसराळू, त्या कधीही चुकल्या नाहीत. एकदासुद्धा.

सुमतीताईंनी शेवटी विचारलं, "तुम्हाला कसं हो लक्षात राहतं?"

दीनाताईंनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. एका फळीवर दुधाची भांडी, दुसरीवर मटणाची. त्यांच्यात दूध आणि मटण एका जेवणात नसतं, भांडीसुद्धा वेगळी. दुधाच्या फळीवर पांढरी डबी, कॅल्शियमची. मटणाच्या फळीवर लाल डबी, लोहाची. मटण कितीतरी वर्षांत शिजलं नव्हतं, पण फळी पुसलेली, लखलखीत.

"लोह म्हणजे मटण, कॅल्शियम म्हणजे दूध," त्या म्हणाल्या. "हे लक्षात ठेवावं लागत नाही ग. हे माझ्या आजीनेच वेगळं करून ठेवलंय."

सुमतीताई घरी गेल्या आणि त्यांनीही दोन डब्या केल्या. लोहाची डबी ठेवायला त्यांना मटणाची फळी नव्हती. त्यांनी ती कांदा-लसणाच्या टोपलीत ठेवली.

•

मध्ये दीनाताईंना खोकला झाला. अँटिबायोटिक घेतलं आणि पोट बिघडलं. आम्ही दोघी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईने प्रोबायोटिकची पुडी दिली. म्हणाली, "यात चांगले जंतू असतात. जिवंत असतात. औषधाने पोटातले काही मेले, त्यांच्या जागी हे मदतीला."

सुमतीताई ताठ झाल्या. "जिवंत? आणि ते गिळायचे?"

"ताई, तुम्ही रोज दही खाता ना? त्यातही जिवंत जंतू असतात."

सुमतीताई शांतपणे म्हणाल्या, "ते घरचे असतात."

डॉक्टरीणबाई खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

•

दीनाताईंची खरी कमाल मला कळली ती एका सकाळी. सुमतीताईंना आठवडाभर मळमळत होतं, तोंडाला चव नव्हती. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून डी व्हिटॅमिनची पुडी काढली, दूध आणलं होतंच थर्मासात.

दीनाताईंनी त्यांचा हात धरला. "सुमती, ही पुडी आठवड्याला एक."

"हो, माहितीये."

"तू काल घेतलीस. तू परवा घेतलीस. तू निळी साडी नेसली होतीस तेव्हा घेतलीस, आणि चांगुणाच्या नातवाला ताप होता त्या दिवशी पण घेतलीस."

सुमतीताई लाजल्या. म्हणाल्या, अंग दुखतं, म्हटलं जरा लवकर बरं वाटेल. दीनाताईंनी त्यांना तशाच उठवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चिडली. म्हणाली, हे व्हिटॅमिन जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साचतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. पुड्या बंद केल्या, रक्त तपासलं. थोडक्यात निभावलं.

डॉक्टरीणबाईचं बोलणं ऐकत होते, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. काल, परवा, निळी साडी, नातवाचा ताप. मी डॉक्टरीणबाईकडे बघितलं. तीही दीनाताईंकडेच बघत होती.

ती म्हणाली, "एक्स्चेंज शाबूत दिसतंय."

दीनाताई म्हणाल्या, "ते नंतर. आधी हिचं बघ."

•

दिवाळी झाली आणि डॅनी आला. उंच, केस पांढरे व्हायला लागलेले. दोन तिकिटं काढूनच आला होता. दीनाताईंनी आम्हाला दोघींना मुद्दाम घरी बोलावलं. मी मनात म्हटलं, आज आपण वकील.

पोरगा प्रेमळ, पण परीक्षा घ्यायला बसला. "आई, आज वार कुठला? काल जेवायला काय होतं? ही कोण?"

"ही चांगुणा. हिच्या तोंडाला लागू नकोस." मग त्यांनी त्याच्या शाळेतल्या दोस्तांची नावं सांगितली, त्यांच्या बापांचे जुने टेलिफोन नंबर सांगितले, आणि शाळा बुडवायला तो कुणाकडे फोन करून आजारी असल्याचं खोटं सांगायचा तेही सांगितलं. डॅनी लाल झाला. डॉक्टरीणबाईचे कागद त्याने वाचले. आईला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. बाई सरळ रेषेत गेली, सरळ रेषेत आली.

त्याने कागद घडी करून टेबलावर ठेवले. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाला, "ओके आई. मी हरलो. गोळ्या चालू ठेव, मी रोज फोन करीन. तू राहा इथेच. तुझं तिकीट कॅन्सल करतो."

सुमतीताईंनी माझा गुडघा दाबला. मी त्यांचा दाबला. महिनोन् महिने आम्ही ज्यासाठी जिताडे वाहिले, गोळ्यांची आठवण करायला फोन केले, ते झालं होतं.

दीनाताई म्हणाल्या, "कॅन्सल कशाला? मी येतेय."

 डॅनी आईकडे बघतोय, आम्ही दोघी एकमेकींकडे.

सुमतीताईंना राहवेना. "अहो दीनाताई, हे तुम्ही बऱ्या होऊन बोलताय, की अजून थोडं राहिलंय?"

"बरी होऊन."

मी म्हटलं, "मंग इतके दिवस नाय नाय कशाला करत होतीस गो बाय?"

दीनाताईंनी पदर नीट केला. "तेव्हा तो मला नेत होता," त्या म्हणाल्या. "आता मी जातेय."