मोंथेर्मेच्या घाटात आई

माझे आई-बाबा तीन महिन्यांसाठी पुण्याहून नेदरलँड्समध्ये न्यूनेनला माझ्याकडे आणि नवऱ्याकडे आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आई मागच्या शेडमध्ये जाऊन माझ्या मोटरसायकलच्या सीटवरून हात फिरवून आली. मग चहा पिता पिता म्हणाली, "हिच्यावर मागे माणूस बसला तर चालतं का गं?"

माझ्या आईला काही हवं असलं, की ती ते दुसऱ्याच्या सोयीचं करून मागते. आंबा खायचा असला तर म्हणते, "कोणी घेणार असाल तर चिरते." त्यामुळे तिला मोटरसायकलवर बसायचंय हे मला तिथल्या तिथे कळलं. बाबांना मात्र कळलं नाही, किंवा त्यांनी कळून घेतलं नाही.

मे महिन्यात आम्ही चौघांनी दोन दिवस फ्रान्सच्या आर्डेन डोंगरांत जायचं ठरवलं होतं. आमच्या ब्राबांट प्रांताला लागून जी मास नदी वाहते, तिच्या काठाकाठानं उलटं वर जात राहिलं की बेल्जियम ओलांडून फ्रान्स येतो. तिथे ती म्यूज होते, आणि तिच्या शेजारचा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा लाडका आहे. वळणामागून वळण, दोन्हीकडे झाडी, मध्येच काळ्या स्लेटच्या छपरांचं एखादं गाव. मी तिथे आधी एकटी जाऊन आले होते आणि हेल्मेटच्या आत वेड्यासारखी मोठमोठ्यानं हसले होते. ते आईला दाखवायचं माझ्या मनानं घेतलं होतं.

"ती आमच्याबरोबर गाडीत बसेल," बाबा जेवताना म्हणाले. "तिला चक्कर येते."

बाबा माणूस म्हणून सोनं आहेत. पण आईला काय होतं, काय आवडतं, काय झेपतं, हे नेहमी तेच सांगतात. डॉक्टरकडे गेलं तरी तेच सांगतात.

राग माझ्या नाकावर असतो. "बाबा, तिला विचारा की!"

"विचारायचं काय त्यात? पस्तीस वर्षं माझ्या मागे स्कूटरवर बसलीय. मला माहीत नाही होय?"

आईनं सगळ्यांना आमटी वाढली.

तरीही निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सरावाला नेलं. गावातल्या स्पोर्ट्स हॉलचं पार्किंग रिकामं होतं. मी गाडी सरळ धरली, आणि मी काही सांगायच्या आत आई ऐटीत एका बाजूला बसली. दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर पर्स, एक हात माझ्या खांद्यावर. आता मंडईतच निघालोय जणू! मला हसू आवरेना. तीही हसली, उतरली, आणि मोठ्या प्रयासानं दोन्हीकडे पाय टाकून बसली. इथवर सगळं मजेत चाललं होतं.

मग वळणं आली. मी उजवीकडे कलले की आई डावीकडे. मी डावीकडे कलले की ती उजवीकडे. 'हलू नकोस, ताठ बस' हे बाबांनी तिच्या हाडात मुरवलं होतं. स्कूटर जिकडे झुकेल त्याच्या उलट अंग टाकून तिनं पस्तीस वर्षं त्या स्कूटरचा तोल सांभाळला होता, आणि शिवाय भाजीची पिशवी आणि मी.

"आई, माझ्याबरोबर कल!"

"अगं, पडू ना!"

"अशी ताठ बसलीस तरच पडू!"

एकदा गाडी थेट कुंपणाच्या झुडपापर्यंत गेली आणि माझा आवाज चढला. आई शांतपणे उतरली. हेल्मेट काढून माझ्या हातात देत म्हणाली, "राहू दे. मी गाडीतच बसते. तुला उगीच त्रास."

मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी चिडते, आणि चिडले की भांडी घासते. त्या संध्याकाळी मी घासलेलीही भांडी घासली. पण सकाळी जादाचं जाकीट, पँट, हेल्मेट आणि हातमोजे मी कोणाला न सांगता गाडीच्या डिकीत टाकले.

मी मोटरसायकलवर पुढे, मागे आमची गाडी. नवरा चालवत होता, शेजारी बाबा, मागे आई आणि दशम्यांचा डबा. हवा लख्ख होती. फ्रान्सची हद्द जवळ येऊ लागल्यावर बाबांनी चारही पासपोर्ट हातात काढून ठेवले होते म्हणे. हद्द म्हणजे रस्त्याच्या कडेची एक निळी पाटी निघाली. पासपोर्ट बघायला कोणीही नव्हतं, आणि बाबा बराच वेळ हिरमुसले होते.

दुपारी नदीकाठच्या एका गावात जेवायला थांबलो. गावातली एकुलती एक बेकरी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती, त्यामुळे आईच्या दशम्यांना आणि शेंगदाण्याच्या चटणीला भलताच मान मिळाला. बाकावर बसून आम्ही खात होतो. आई नदीकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "तू आधी मान वळवतेस."

"काय?"

"वळण आलं की आधी तुझी मान तिकडे जाते. मग खांदा. मग गाडी आपोआप जाते तिच्या मागे. सकाळपासून बघतेय मी. गाडीत बसून मीही तशीच मान वळवत होते."

नवरा खो खो हसायला लागला. "आई, मला आरशात दिसत होतं. मला वाटलं, तुमची मान आखडलीय."

मी मात्र थक्क झाले. ही एवढी गोष्ट कळायला मला अख्खा हिवाळा लागला होता आणि परीक्षेत दोनदा नापास व्हावं लागलं होतं. तिनं ती मागच्या सीटवर बसून, काचेतून बघून उचलली होती.

"डिकीत जाकीट आहे," मी म्हणाले.

"दिसलं मला," ती म्हणाली.

मग जी तारांबळ उडाली! फ्रान्समध्ये मागे बसणाऱ्यालाही हातमोजे लागतात, आणि बांगड्यांमुळे ते वर चढेनात. आईनं माझ्या जुन्या पायमोज्यांचे पुढचे भाग कापून टाकले, उरलेल्या नळ्या बांगड्यांवर ओढल्या, आणि त्यांवरून हातमोजे सर्रकन चढले. अंबाड्यावर हेल्मेट बसेना. तेव्हा तिनं अंबाडा सोडला आणि नदीकाठी उभी राहून दोन वेण्या घातल्या. मोटरसायकलचं जाडजूड जाकीट, कपाळावर टिकली आणि खांद्यांवर दोन वेण्या. इतकी गोड दिसत होती की मला तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटला, आणि मी घेतलाही.

बाबा आ वासून बघत होते. "अगं, चक्कर येईल!"

"तुमचे पाय आखडतात ना पुढे बसून," आई म्हणाली. "मागे ऐसपैस बसा आता."

आम्ही निघालो. हेल्मेटमधून एकमेकींशी बोलायची सोय होती, पण पहिली काही वळणं पलीकडून आवाजच आला नाही. गाडी मात्र अशी जात होती, की मागे कोणी बसलंय की नाही असं वाटावं. मी उजवीकडे, आई उजवीकडे. मी डावीकडे, आई डावीकडे. "बरी आहेस ना?" मी विचारलं.

"गप्प बस गं. बघू दे."

मग हळूहळू तोंड सुटलं. गाई बघ, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. लाकडं बघ, कशी रचून ठेवलीत, एक इकडची तिकडे नाही. त्या बाईनं वाळत घातलेल्या चादरी बघ. आणि मग जरा वेळानं, "माहितीये का, मला लक्ष्मी रोडची सगळी डावीकडची दुकानं पाठ आहेत. उजवीकडची विचारशील तर काही सांगता येणार नाही. एका बाजूला बसलं की एकच बाजू दिसते. आणि समोर तर कायम तुझ्या बाबांची पाठ. आज दोन्हीकडचं दिसतंय."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हवेबद्दल बोलावं तसं बोलत होती. माझे डोळे भरून आले, आणि वळणावर डोळे भरून चालत नाही, म्हणून मी मोठ्यानं एक गाणं सुरू केलं. आईनं सूर पकडला. आम्ही दोघी गातागात मोंथेर्मे गावात शिरलो.

गावावर एक घाट चढतो, आणि वरच्या खडकावरून नदीनं गावाला घातलेला वेढा दिसतो. चढावर ओंडक्यांचा एक ट्रक रखडत चालला होता. सरळ, मोकळा टप्पा मिळाल्यावर आम्ही त्याला मागे टाकलं. आमची गाडी त्याच्यामागे अडकली. वर पोचलो तर आम्ही दोघीच. आईनं हेल्मेटची काच वर केली, खाली वेढा घातलेली नदी बघितली, घरांची काळी छपरं बघितली, आणि म्हणाली, "ते येईपर्यंत परत खाली जाऊन येऊ?"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं काही सरळ मागितलं होतं. मी गाडी वळवली.

घाट अर्धा उतरलो तेव्हा समोरून ट्रक आला आणि त्याच्यामागे आमची गाडी. मागच्या खिडकीतून बाबा जवळजवळ कमरेपर्यंत बाहेर आले होते, हात हलवत होते आणि काहीतरी ओरडत होते. माझ्या कमरेवरचा आईचा एक हात सुटला. तिनं त्यांना टाटा केला.

"बाबा काही म्हणतायत का?" मी विचारलं. "थांबू?"

"काही नाही. चल तू."

आम्ही खाली गावातल्या पुलापर्यंत गेलो, तिथून फिरलो आणि सगळी वळणं पुन्हा घेतली. या वेळी आई प्रत्येक वळणाला "हां!" म्हणत होती. वर पोचलो तेव्हा नवरा फोटो काढत होता आणि बाबा गाडीला टेकून आमची वाट बघत होते. चेहरा लाल. आई उतरली. हेल्मेट काढलं, वेण्या पुढे घेतल्या, हातमोजे काढून बगलेत धरले.

"अगं, केवढ्या हाका मारल्या मी!" बाबा म्हणाले. "थांब, थांब म्हणून घसा बसला माझा. तुला ऐकूच आल्या नाहीत?"

"आल्या की," आई म्हणाली, आणि बाटलीतलं दोन घोट पाणी पिऊन पुन्हा हातमोजे घालायला लागली.