जेरोमच्या कोपऱ्यावरचा खांब

वुल्वकापेलच्या जत्रेतली सायकल शर्यत लीवेन दक्लेर्क बावीस वर्षं धावत होता, आणि बावीस वर्षांत त्याचा सगळ्यात वरचा नंबर होता पाचवा. तोही कधीचा, तर नेले, त्याची बायको, दुसऱ्या खेपेला गरोदर होती तेव्हाचा. आता त्याला सेहेचाळिसावं उलटलं होतं. सकाळी लाल सायकलवरून गावात टपाल वाटताना बेकरीवाली हमखास विचारायची, "काय पोस्टमन, यंदा तरी?" तो पाकिटं तिच्या हातात ठेवून म्हणायचा, "तुझा पाव खाऊन खाऊन जड झालोय, नाहीतर कधीच जिंकलो असतो."

हसण्यावारी न्यायचा, पण आतून त्याला ते हवं होतं. दुसऱ्या गावच्या शर्यती त्याने दोनदा जिंकल्या होत्या. त्यांचे करंडक माळ्यावर धूळ खात पडले होते. स्वतःच्या चर्चपुढे, स्वतःच्या माणसांसमोर एकदा हात वर करायचे होते. आणि यंदा पाय चांगले होते. हे शर्यत धावणाऱ्यालाच कळतं. जिने चढताना, टपालाची पिशवी उचलताना शरीर आपलं आपल्याला सांगत असतं.

शर्यत लांब पल्ल्याची नव्हे. दोन किलोमीटरचा वेढा, त्याच्या तीस फेऱ्या. चर्चपाशी सुरुवात, बेकरीवरून उजवीकडे, मग बीटच्या शेतांमधली उघडी वाट, जिथे वारा माणसाला आडवा करतो. पुढे कालव्याच्या पुलाचा चढ, तिथून दगडी गोट्यांचा उतार, आणि उताराच्या तळाशी काटकोनात वळणारा जेरोमचा कोपरा. आमच्या भागात या शर्यतीला खाटकाची शर्यत म्हणतात. साठ जण निघतात, वीस जण पोचतात.

जेरोम लोहाराची भट्टी त्या कोपऱ्यावर. भट्टीच्या फाटकाशी कमरेइतका निळ्या दगडाचा खांब उभा आहे. घोडागाड्यांची चाकं फाटकाला घासू नयेत म्हणून जेरोमच्या पणजोबाने तो रोवला. घोडागाड्या गेल्या, खांब राहिला, आणि सायकलवाला उतारावरून चुकला की थेट त्याच्याच अंगावर जातो.

म्हणून गावाची एक रीत आहे. ज्याच्या दारापुढे वळण, त्याने ते वळण सांभाळायचं. कुणी भिंतीला जुनी गादी बांधतो, कुणी दिव्याच्या खांबाला टायर. जेरोम आपल्या खांबाला गव्हाच्या काडाचे आठ गठ्ठे दोराने आवळून बांधायचा. हे कुणी कुणाला सांगत नाही आणि आठवणही करून देत नाही. आठवण करून देणं म्हणजे, बाबा रे, तुझ्यावर भरवसा नाही, असं तोंडावर म्हणणं. एवढ्याशा कारणावरून दोन घरांनी नऊ वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलेलं गावाने पाहिलंय.

फेब्रुवारीत जेरोम गेला. मे महिन्यात त्याच्या बायकोने, अलिदाबाईंनी, भट्टीची खोली लीवेनला विकली. त्याला सायकली ठेवायला जागा हवी होती, त्यांना ती रिकामी खोली बघवत नव्हती. त्या पलीकडच्या घरात राहत होत्या. त्यांच्या खिडकीतून खांब समोर दिसायचा.

शर्यतीच्या रविवारी आभाळ सकाळपासून खाली आलं होतं. वारा नव्हता, हेच वाईट. आमच्याकडे वारा थांबला की माणसं खिडकीतून वर बघतात. चौकातल्या पाळण्याच्या बाजाचं गाणं अर्ध्यात अडकत होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. आदल्या दिवशी बीटचे ट्रॅक्टर गेले होते, त्यांच्या चाकांचा चिखल गोट्यांच्या फटींत बसला होता.

भट्टीच्या खोलीत लीवेन एका गठ्ठ्यावर बसून पायांना मालिशचं तेल लावत होता. नेले त्याच्या पाठीवर नंबर टाचत होती. अडतीस.

"हलू नकोस, टाचणी लागेल."

"लागू दे. तेवढाच जोर येईल."

"जोर येईल! रात्रभर कूस बदलत होतास. मलाही झोपू दिलं नाहीस." तिने शेवटची टाचणी दातांतून काढली. "आणि हे बघ, त्या यार्नेच्या मागे वळणात घुसू नकोस. त्याला ब्रेक असतो हे माहीतच नाही."

"वहिनी, मी इथेच उभा आहे," यार्ने दारातून म्हणाला.

यार्ने एकोणतीस वर्षांचा. गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि उरलेल्या वेळात लीवेनबरोबर सायकल मारायचा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. शर्यतीत लीवेनला तो शिष्यासारखा होता, वळणात मात्र उलटं.

"आज मी स्वतःसाठी धावणारच नाहीये," यार्ने म्हणाला. "आज पोस्टमनला जिंकवायचं. पुढे राहून वारा मी खाणार, तू माझ्या चाकामागे बस. शेवटच्या फेरीत सोडतो तुला. कळलं का, म्हाताऱ्या?"

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे!"

"टक्कल कुणाला दाखवतोयस मग?"

तिघं हसले. लीवेन उठला, बाहेर आला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली जर्सीच्या मागच्या खिशात टाकली. खांबाच्या शेजारूनच ते सायकली ढकलत गेले. खांब उघडा होता. एकाच्याही डोळ्यांना तो दिसला नाही, कारण चाळीस वर्षं त्या जागी काड असतंच, आणि जे असतंच ते कोण बघतं? पंचांची गाडीही सकाळी तशीच पुढे गेली होती.

पहिल्या पाच फेऱ्यांत लीवेनला फक्त पुढच्याचं चाक दिसलं. साठ माणसं, खांद्याला खांदा, कुणाच्या तोंडात शिव्या, कुणाच्या तोंडात देव. वळणात घोळका लवायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा, तेव्हा मागच्यांना तडफडत वेग पकडावा लागायचा. सहाव्या फेरीला आतली बाजू बंद झाली म्हणून तो उतारावर बाहेरून आला.

आणि खांब त्याच्या समोर होता. निळा, ओला, उघडा.

हात आपोआप वळले, सायकल वळली, तो पुढे गेला. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. जेरोम नाही. भट्टी अलिदाबाईंची नाही. भट्टी माझी आहे. वळण माझं आहे. काड आतच आहे, मी त्याच्यावर बसून पायांना तेल लावलं. आणि किल्ली माझ्या पाठीवर आहे.

पेडल मारलं की ती मणक्याला टोचत होती.

नेले चर्चपाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. एवढंच करायचं होतं: पुढच्या फेरीला किल्ली तिच्याकडे फेकायची, ओरडून सांगायचं. ती आणि आणखी दोघं मिळून दहा मिनिटांत गठ्ठे बांधतील. पण पुढच्या फेरीला चर्चसमोर यार्नेने एकदम वेग वाढवून हल्ला केला. मागे वळून ओरडला, "आता! चल!" आणि लीवेनच्या पायांनी त्याला विचारलंच नाही. तो यार्नेच्या चाकामागे गेला. आणखी दोघे आले. चौघं निसटले.

नववी. दहावी. घोळका मागे पडला होता. बाराव्या फेरीला नेले रस्त्यावर वाकून ओरडली, "चाळीस सेकंद, लीवेन! चाळीस!" तिचा आवाज फाटला होता. तिला असं ओरडताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याचा हात मागे खिशाकडे गेला, किल्लीला लागला, आणि परत येऊन तिच्या हातातली बाटली घेऊन गेला.

पुढच्या फेरीला, असं त्याने स्वतःला सांगितलं. आत्ता फेकली तर ती बावरेल. आत्ता घोळका जवळ येतोय. चौघंच तर आहोत, चौघांना वळण माहीत आहे. मागचे छप्पन्न त्याने मोजले नाहीत.

पंधराव्या फेरीला पाऊस आला. पाऊस म्हणण्यासारखा नव्हे, नुसतं हवेतून गळणारं पाणी. बीटच्या चिखलावर ते पडलं आणि उतार साबणासारखा झाला. कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभा असलेला ओडील खांबाकडे पाठ करून बाजूच्या गल्लीतून गाडी येतेय का बघत होता. तेच त्याचं काम होतं.

आणि अलिदाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. हात मांडीवर, डोक्याला रुमाल. दर फेरीला त्या लीवेनकडे बघत होत्या. टाळ्या नाहीत, हाक नाही. तो उतारावरून दिसला की त्यांची मान वर व्हायची, तो वळून गेला की खाली.

एकविसाव्या फेरीला चौघांतला एक गळला. उरले तिघं. यार्ने एकटाच पुढे राहून वेगाचा वारा खात होता. तोंडाला फेस, दातांत चिखल, तरी बडबड चालूच. "तू बस मागे. हलू नकोस. आज करंडक माळ्यावर ठेवायचा नाही, सांगून ठेवतो. नंतर पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये तूच धरायचं, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

"बोलू नकोस, दम राख!" लीवेन म्हणाला. तो आता यार्नेच्या चाकाकडे बघतच नव्हता. त्याला फक्त पुढच्या कोपऱ्याची वाट दिसत होती. प्रत्येक फेरीला पुलावर त्याची बोटं ब्रेकवर जायची, आणि कोपरा सुखरूप गेला की त्याला वाटायचं, बघ, काही झालं नाही. तीन मिनिटं सुटका. मग पुन्हा पूल.

सव्विसाव्या फेरीला यार्नेचं मागचं चाक सुटलं.

अगदी जरासं. सायकल आडवी सरकली, यार्नेचा पाय पेडलमधून निघाला, त्याचं कोपर खांबाला घासून गेलं. कापड फाटल्याचा आवाज लीवेनने ऐकला. मग सायकल कशी कोण जाणे उभी राहिली, आणि यार्ने हसत मागे वळला.

"बघितलंस? मुका घेतला त्याचा!" बाहीवर कापड नव्हतं, आणि त्याखाली लाल होतं.

पुढची फेरी लीवेनला आठवत नाही. बेकरी नाही, बीटची वाट नाही. त्याला एवढंच आठवतं की पूल ओलांडल्यावर त्याने दोन्ही ब्रेक दाबले, डावीकडे रांगेतून बाहेर निघाला आणि पाय जमिनीला लावला.

"लीवेन! काय झालं? अरे, तीनच राहिल्यात!"

"गुडघा! तू जा!"

"थांबू का?"

"जा म्हणतो ना, गाढवा!"

ते दोघं गेले. लीवेनने किल्ली काढली. बोटं बधिर झाली होती, किल्ली कुलपात जाईना. ती गेली तेव्हा वरून घोळक्याचा आवाज येत होता, ओल्या दगडांवरच्या टायरांचा, एखादं कापड एका टोकापासून फाडत न्यावं तसा. तो फाटकात अंग चोरून उभा राहिला. तीसेक जण त्याच्यापासून हातभर अंतरावरून वळून गेले. चिखल तोंडावर उडाला. कुणी पडलं नाही.

मग त्याने गठ्ठे ओढले. एक. दोन. सायकलचे बूट दगडावर घसरत होते. ओडीलने मान वळवून बघितलं आणि झेंडा खाली ठेवून त्याला हात दिला. एकदा ओडील पुटपुटला, "अरे देवा, हे सकाळपासून..." आणि पुढचा गठ्ठा उचलला. मधल्या दोन फेऱ्यांना सगळे वळून गेले तेव्हा दोघं फाटकाच्या आत गठ्ठे ओढत होते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा सहा गठ्ठे लागले होते. दोराची गाठ लीवेन दातांनी आवळत होता.

यार्ने आणि तो तिसरा एकत्र आले. यार्नेने काड बघितलं, लीवेनला बघितलं, त्याचं लक्ष क्षणभर उडालं, आणि तेवढ्यात तिसऱ्याने त्याला वळणाच्या आतून मागे टाकलं. शर्यत तिथेच गेली. मग घोळका आला. त्यातला एकसष्ट नंबर, कुठल्याशा दुसऱ्या गावचा, बाहेरून उतरला, चाकं सुटली आणि तो छातीसकट काडात गेला. गठ्ठे मागे सरकून खांबाला भिडले. धप्प. एवढाच आवाज. तो उठला, तोंडातलं काड थुंकला, कुणाच्या तरी आईचा उद्धार केला आणि सायकल उचलून निघून गेला. लीवेनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

शर्यतीमागची शेवटची गाडी गेली. लोक चर्चकडे धावले. ओडीलही गेला. अलिदाबाई खुर्चीवरून उठल्या, रस्ता ओलांडून आल्या, आणि गाठ हाताने चाचपून बघितली.

"सैल आहे," त्या म्हणाल्या. "जेरोम दोन वेढे द्यायचा."

"हो. घाईत..."

"सहाव्या फेरीला तू पाहिलंस."

लीवेन गाठ सोडून पुन्हा आवळू लागला.

"ती धरून एकवीस वेळा गेलास तू इथून. मी मोजत होते."

"तुम्हीही पाहत होता, अलिदाबाई. सकाळपासून. मग एक शब्द तरी बोलायचं!"

"भट्टी तुझी. तुला मी आठवण करून द्यायची? चारचौघांत?" त्यांनी रुमाल नीट केला. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता. "आणि मला बघायचं होतं, तू कितव्या फेरीला थांबतोस."

"आणि कुणी मेलं असतं म्हणजे?"

"तर आपण दोघांनी बघितलं असतं," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

चर्चवरच्या कर्ण्यातून नावं येत होती. पहिला कुणी परगावचा. दुसरा यार्ने. मग आवाज म्हणाला, नंबर अडतीस, आपला लीवेन दक्लेर्क, शर्यत सोडली. गर्दीतून 'अरेरे' असा लांब सूर आला.

नेले धावत आली. श्वास लागला होता, हातात अजून बाटली होती. तिने काड बघितलं, उघडी भट्टी बघितली, पण तिच्या डोक्यात ते शिरलं नाही. ती त्याच्यासमोर ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसली.

"यार्ने म्हणाला, गुडघा. किती चांगलं चाललं होतं रे. दुखतंय?"

पलीकडच्या खिडकीत पडदा बाजूला झालेला होता.

"दुखतंय," लीवेन म्हणाला.

"कोणता?"

त्याने दोन्ही पायांकडे बघितलं. तेलावर चिखल आणि काडाचे तुकडे चिकटले होते, दोन्ही सारखेच.

"डावा," तो म्हणाला, आणि नेले अंगठ्याने तो धडधाकट गुडघा हळूहळू चोळू लागली.