तक्त्याला पाठ लावली तेव्हा

आधी माझं सांगते, मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी कोकणात वाढले. आमच्याकडे दर दुसऱ्या झाडावर कुणीतरी राहतं म्हणतात... पण त्याच झाडांखालून मी दिवेलागणीला पाणी आणलेलं आहे, मला कधी कुणी दिसलं नाही. मी घाबरायचे ती जिवंत माणसांना, आणि परीक्षेला. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा मी ‘काहीतरीच!’ म्हणून पान उलटते. तरी आज लिहायला बसले, कारण माझी मैत्रीण विमल फोनवर म्हणाली, “तू लिही, मी साक्षीदार हाय ना.”

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. आई गेल्यामुळे सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. भावंडं जरा मोठी झाल्यावर मामांनी मला इकडे आणलं. ते रेल्वेत, बदनापूर स्टेशनवर होते. जालन्यातल्या एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) नर्स-दाईचा कोर्स होता, सातवी पास मुलींना घ्यायचे. मामांनी ट्यूटरबाईंना शब्द दिला — “पोरगी हुशार आहे, मी सांगतो.” त्या शब्दाचंच मला ओझं झालं होतं. पहिल्या तोंडी परीक्षेत नापास झालेल्या मुलीला घरी पाठवायचे. माझ्यासाठी घर म्हणजे काकांचं घर, आणि तिथे काकांनी एका बिजवराशी माझं जमवून ठेवलेलं. मामांचे उपकार आजही विसरले नाही, पण तेव्हा त्या उपकारांनीच झोप उडाली होती.

मी आणि विमल जालन्यातच, मस्तगड भागात, एका माळवदाच्या घरात वरच्या खोलीत राहायचो. विमल घनसावंगीकडची, बौद्ध घरातली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. देवरुषी, भूत, अंगात येणं... सगळं त्यांनी घराबाहेर काढलेलं. तिच्यासमोर कुणी ‘बाहेरची बाधा’ म्हटलं की ती म्हणायची, “बाधा बिधा काई न्हाई, रक्त कमी हाय तिच्यात. पालक खाऊ घाला.”

मला शरीररचनेचा धडा काही केल्या डोक्यात शिरेना. पेशी, ऊती, अवयव, संस्था... क्रम उलटसुलट व्हायचा. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना विमलनं मला गावच दाखवलं.

“हे बघ, कोकणी. पेशी म्हंजे एक माणूस. एका कामाची माणसं एका जागी राह्यली, की झाली ऊती. जशी ती सोनारांची गल्ली. अशा चार गल्ल्या मिळून एक मोहल्ला, तो अवयव. मोहल्ले एकमेकाला धरून चालले, की संस्था. आन् आख्खं जालना म्हंजे तू!”

“मी जालना?” मी म्हटलं. “मला तर इथलं पाणीसुद्धा मानवत नाही.”

“मानवंल. जल्दी कशाची?”

क्रम पाठ झाला. पण खरी चूक वेगळीच निघाली.

वर्गात भिंतीवर एक कापडी तक्ता होता, वरखाली काठ्या लावलेला. त्यावर पुरा माणसाएवढा माणूस, छाती-पोट उघडं करून आतलं सगळं दाखवलेलं. मी रोज त्याच्यासमोर उभं राहून घोकायचे — यकृत या हाताला, जठर त्या हाताला. सरावाच्या दिवशी ट्यूटरबाईंनी विमलला खाटेवर झोपवलं आणि मला विचारलं, “यकृत कुठंय, हात ठेव.” मी ठामपणे तिच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला.

खाटेवरून विमल ओरडली, “बाई, हिनं माझं कलेजं हलवलं हो!”

सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “तक्त्यातला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा उजवा हात तुझ्या डाव्या बाजूला येतो. एवढं कळत नाही? उद्या परीक्षा आहे, बाहेरचे डॉक्टर येणार आहेत.”

कळलं हो. पण एकदा उलटं बसलेलं सुलट होईना. बदलून सांगायचं ठरवलं, की वाटायचं — आता मी बदललेलं परत बदलतेय का? प्लीहा, आंत्रपुच्छ, हृदय... सगळंच डावं-उजवं हिंदकळायला लागलं.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या. मी एकटी तक्त्यासमोर उभी राहिले. बाहेर लख्ख ऊन, कुठेतरी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज. मी रडत होते, खोटं कशाला सांगू? डोळ्यांसमोर काकांचं अंगण येत होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरले. अलगद. आणि मला फिरवलं. वेणी घालताना आई फिरवायची ना, ‘जरा उजेडाकडे हो’ म्हणत... अगदी तसं. मला वाटलं विमलच. मी म्हटलंही, “अगं थांब, पुसू दे डोळे.” ते हात मला मागे ढकलत गेले आणि माझी पाठ तक्त्याला टेकली. डोक्याला डोकं, हाताला हात. आता तो माणूस आणि मी एकाच दिशेला तोंड करून उभे होतो. त्याचं डावं ते माझं डावं.

समोर कुणीच नव्हतं.

आणि मग पाठीला ऊब लागली. भिंतीची नव्हे, माणसाची. पाठीमागे, थोडं डावीकडे, ठोके लागायला लागले. लब-डब... लब-डब... सावकाश. माझं काळीज तर तेव्हा धावत होतं, म्हणजे हे ठोके माझे नव्हते, दोन्ही वेगवेगळे कळत होते. पळून जावं असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट माझे ठोकेच हळूहळू त्या ठोक्यांच्या चालीवर आले.

“अगं, तिथं काय करून राह्यली? भाकर गार झाली!” विमल दारात होती. हातात ताट, तोंडात घास.

मी तिला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. “उपाशी हायेस म्हून.” पण आली, तक्त्याला तळवा लावला... आणि लगेच काढला. “ऊन लागलं असंल.”

“या भिंतीला ऊन येतं कधी?”

तिनं ताट बाकावर ठेवलं. कपाटातून बाळाचे ठोके ऐकायचा भोंगा घेऊन आली, तक्त्याच्या छातीवर टेकवला आणि कान लावला. तिचं चघळणं थांबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बराबर डावीकडंच हाय.”

“काय चाललंय? त्याला दिवस गेलेत का?” ट्यूटरबाई दारातून! आम्ही दोघी गार. त्यांनी भोंगा काढून घेतला, तक्ता सरळ करायला हात लावला. क्षणभर तो हात तिथेच राहिला. मग त्या म्हणाल्या, “जेवून घ्या दोघी.” 

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला यकृत विचारलं. मी डोळे मिटले, मनातल्या मनात पाठ टेकवली आणि खाटेवरच्या बाईच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. प्लीहा बरोबर. आंत्रपुच्छ बरोबर. मग त्यांनी विचारलं, “पेशी म्हणजे काय?”

घाबरून तोंडातून निघालं, “एक माणूस.”

“आणि शरीर?”

“जालना.”

डॉक्टर चष्मा काढून हसले. नीट विचारल्यावर मी नीटही सांगितलं. पास झाले. बदनापूरला मामांना सांगितलं, तर ते सिग्नलकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मामींनी शिरा केला.

पुढे नोकरी इकडेच केली, घनसावंगीच्या बाजूच्या गावांत. पाणी मानवलं, माणसं मानवली. काकांच्या अंगणात परत गेले ती रजेवर, पाहुणी म्हणून.

विमल अजून कारणं शोधते. भिंतीमागून पाण्याचा पाइप असेल, पिंजाऱ्याच्या धनुकलीची कंपनं असतील. मग स्वतःच म्हणते, “पण त्ये गरम कामून व्हतं गं?” खांद्यांवरच्या हातांचं कारण मात्र तिलाही सापडलेलं नाही. 

गावांत मी दाईचं काम शिकणाऱ्या मुलींना शिकवायचे. तिथे तक्ता कुठला? मग मुलीचे खांदे धरायचे, तिला फिरवायचे, तिची पाठ माझ्या छातीला टेकवायचे आणि तिचा हात धरून तिच्याच अंगावर एकेक अवयव दाखवायचे. डावं-उजवं कुणाचंच चुकलं नाही. एकदा एक मुलगी दचकून म्हणाली, “बाई, मागून ठोके लागून राह्यले.”

“लागू दे,” मी म्हटलं. “तीच तुझी डावी बाजू.”

तिला लागलेले ठोके माझे होते, एवढं मला माहीत आहे. मला लागलेले कुणाचे होते, ते अजून कळलेलं नाही.